चवथीला टीव्हीवर फोटो दाखवायचेत? मग ही तयारी आधीच करून ठेवा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मुंबई-पुण्याची, दुबई-कुवेतची सगळी मंडळी मूळ घरात जमतात, आरत्या होतात, जेवणं होतात, नेवऱ्यांचा डबा फिरायला लागतो आणि कुणीतरी म्हणतंच, अरे ते गेल्या वर्षीचे फोटो लाव की टीव्हीवर. मग केबल शोधा, वायफायचा पासवर्ड विचारा, टीव्हीचा रिमोट कुणाच्या खाली दबलाय ते बघा, आणि शेवटी तोच मोबाईल हातोहात फिरतो आणि आजीकडे पोचेपर्यंत स्क्रीन लॉक. हे टाळणं अजिबात कठीण नाही, फक्त काम आधी करायला पाहिजे, चवथीच्या दिवशी नाही. ज्यांनी हे कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितोय. घरात लॅपटॉप असेल तर उत्तम, नुसता मोबाईल असला तरी जमतं, ते पण मधेमधे सांगतो.

आधी एवढं डोक्यात ठेवा की टीव्हीवर फोटो बघणं वेगळं. मोबाईलवर बघताना आपण बोटाने मोठा करतो, उभा-आडवा फिरवतो, नको असलेला सरकवून टाकतो. टीव्ही आडवाच असतो, लोक आठ-दहा फुटांवर बसतात आणि सगळ्यांना एकाच वेळी तोच फोटो बघायला लागतो. म्हणून फोटो निवडणं, टीव्हीच्या मापाचे करणं आणि ओळीने लावणं हेच खरं काम, बाकीचे इफेक्ट बिफेक्ट नसले तरी चालतात.

आधी पाच फोटोंची चाचणी

सगळ्यात पहिलं काम हे, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. एक पेन ड्राईव्ह घ्या, त्यावर पाचच फोटो टाका: मोबाईलने काढलेला एक उभा, एक आडवा, कुणाच्या तरी आयफोनचा एक, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला एक आणि जुन्या अल्बममधला स्कॅन केलेला एक. सोबत दहा सेकंदांचा एखादा व्हिडिओ. हे घेऊन ज्या टीव्हीवर दाखवायचंय त्याच टीव्हीला लावून बघा. त्याच टीव्हीला म्हणतोय कारण पणजीच्या फ्लॅटमधला टीव्ही नवा असतो आणि गावच्या घरात बहुतेक वेळा फ्लॅटमधून रिटायर झालेला टीव्ही असतो, फ्लॅटमधे सगळं झकास चाललं म्हणजे गावात चालेल असं नाही. गावात आधी जाता येत नसेल तर तिथे राहणाऱ्या काकांना सांगा, टीव्हीच्या मागे यूएसबीचं भोक आहे का बघा आणि मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. मॉडेल नंबर कळला की कंपनीच्या साईटवर मॅन्युअल मिळतं आणि त्यात टीव्ही कुठल्या फाईली वाचतो त्याचा तक्ता असतो.

चाचणीत काय बघायचं? पाचही फोटो उघडतात का, उभा फोटो आडवा पडतो का, कडा कापल्या जातात का, आणि कुठला फोटो आधी येतो.

पेन ड्राईव्ह टीव्हीला दिसलाच नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो फॉरमॅटचा, म्हणजे पेन ड्राईव्हवर फाईली मांडायच्या पद्धतीचा, प्रश्न असतो. जुने टीव्ही एफएटी३२ वाचतात, एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचतीलच असं नाही. विंडोजमधे पेन ड्राईव्हवर राईट क्लिक करून फॉरमॅट करता येतो (आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा), पण त्या नेहमीच्या खिडकीत एफएटी३२ चा पर्याय साधारण ३२ जीबीपर्यंतच मिळतो, म्हणून या कामाला १६ किंवा ३२ जीबीचा साधा पेन ड्राईव्ह बरा. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, पण आपल्याला तेवढी मोठी लागतच नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायच्या फंदात पडू नका, जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून तेवढी पॉवर कधीकधी मिळत नाही आणि डिस्क नुसती टकटक करत बसते.

आयफोनचा फोटो उघडला नाही तर कारण ठरलेलं आहे. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो हेइक नावाच्या प्रकारात ठेवतो आणि बऱ्याच टीव्हींना तो पेन ड्राईव्हवरून वाचता येत नाही. त्या माणसाला सांगा की सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कंपॅटिबल करून ठेव, म्हणजे पुढचे फोटो साधे जेपेग येतील. आधी काढलेल्यांसाठी सेटिंग्जमधे फोटोज या भागात अगदी खाली मॅक किंवा पीसीला ट्रान्सफर करायचा पर्याय आहे, तो ऑटोमॅटिकवर ठेवून केबलने विंडोज लॅपटॉपवर उतरवले की बदलूनच येतात.

फोटो गोळा करणं

व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून छोटा होतो, साधारण १६०० पिक्सेल लांबीचा. मोबाईलवर फरक कळत नाही, ४३ इंची टीव्हीवर चेहऱ्यांवर तो मऊ चिखल झाल्यासारखा दिसतो, त्यातून तोच फोटो तीन ग्रुपमधून फिरून आलेला असला तर विचारूच नका. मूळ फोटो मागवायचा तर मागताना स्पष्ट सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठव. अ‍ॅटॅचच्या खुणेवर जाऊन गॅलरी नाही तर डॉक्युमेंट निवडायचं, म्हणजे फाईल जशी आहे तशी येते. किंवा गुगल फोटोजमधे एक शेअर्ड अल्बम करा आणि सगळ्यांना त्यात टाकायला सांगा, फक्त त्यांच्या बॅकअपची क्वालिटी ओरिजिनलवर आहे ना एवढं बघा.

आणि मागणं महिनाभर आधी सुरू करा. आपले लोक प्रेमळ आहेत पण "आज रात्री पाठवतो" याचा अर्थ गोव्यात काय होतो ते मी सांगायला नको.

जुने कागदी फोटो

माझ्या मते टीव्हीवर सगळ्यात जास्त रंगतात ते हेच. कुणाच्या तरी कपाटात मुंजीचे, लग्नाचे, देवळाच्या मंडपातल्या नाटकाचे काळे-पांढरे फोटो असतातच, कुणीतरी दाढी लावून संभाजी झालेला असतो आणि तो आता समोरच खुर्चीत बसून पान खात असतो.

स्कॅनर मिळाला तर बारा आणे काम झालं. ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केला की १८०० बाय १२०० पिक्सेल होतो, फुल एचडी टीव्हीला तेवढं पुरतं. ६०० वर केला तर दुप्पट, ४के टीव्हीसाठी किंवा पुढे एखादा चेहरा मोठा करायचा असेल तर ६०० च करा. पासपोर्ट साईझच्या फोटोला मात्र ३०० अजिबात पुरत नाही, साडेतीन सेंटीमीटर रुंदीत जेमतेम चारशे पिक्सेल मिळतात, तिथे १२०० लावा. स्कॅनर नसेल तर मोबाईलवर गुगलचं फोटोस्कॅन नावाचं अ‍ॅप आहे, ते एकाच फोटोचे थोड्या थोड्या बाजूने चार-पाच शॉट घेऊन चकाकी काढून टाकतं, चांगलं काम करतं. जुन्या दाणेदार कागदावरच्या प्रिंटला मात्र तेही कमी पडतं, ती खिडकीजवळ ठेवून, ऊन थेट पडू न देता, बाजूच्या उजेडात थोडी तिरपी करून बघा, दाणे कमी दिसतील अशी जागा सापडते.

आपल्याकडच्या पावसाने फोटोंचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, वरचा थरच निघून येतो, कोरड्या मऊ ब्रशने हलकं झटका आणि स्कॅन करा, उरलेले ठिपके कॉम्प्युटरवर काढता येतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. आणि प्रत्येक जुन्या फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा किंवा मोबाईलने टिपा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कधी आजोबांच्या अक्षरात नावं असतात, त्याचा खाली नावं लिहिताना उपयोग होतो.

निवड: निर्दयपणे

एका बैठकीला साठ ते ऐंशी फोटो, त्याच्या वर नाही. ऐंशी फोटो सहा सेकंदांनी म्हणजे आठ मिनिटं, हे कमी वाटतं, पण प्रत्यक्षात लोक थांबवतात, मागे न्यायला सांगतात, भांडतात की ही गाडी १९८६ सालची की ८८ ची, आणि आठ मिनिटांचा सहज तास होतो. तीनशे फोटो लावले तर पन्नासाव्याला लोक आपापला मोबाईल बाहेर काढतात.

सारखे दिसणारे पाच फोटो असतील तर एकच ठेवा. समुद्र आणि सूर्यास्त एखादाच पुरे, आपण गोव्यातच राहतो. माणसं ठेवा. आणि एक यादी करून बघा की येणाऱ्या प्रत्येकाचा निदान एक तरी फोटो आहे ना. हमखास सुटतात ते दोघं, एक जो फोटो काढत असतो तो आणि दुसरी जी दिवसभर स्वयंपाकघरात असते ती. खतखतं ढवळताना कुणीतरी चोरून काढलेला वाकडा फोटो असला तरी तो घ्या, टीव्हीवर आल्यावर सगळ्यात मोठा आवाज त्यालाच होतो. वर्षभरात घरातलं कुणी गेलेलं असेल तर त्यांचा फोटो कुठे येतो ते तुम्हाला आधी माहीत असू दे, गमतीच्या फोटोंच्या मधे अचानक नको.

उभा फोटो, आडवा टीव्ही

आता मुख्य कटकट. टीव्हीचा पडदा १६:९ असतो, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल, ४के म्हणजे ३८४० बाय २१६०. मोबाईलचा फोटो साधारण ४:३, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२. म्हणजे कुठलाच फोटो टीव्हीत नेमका बसत नाही.

चवथीचाच फोटो घ्या. खाली गणपती, समया, आसन, आणि वर माटोळी, म्हणजे नारळ, सुपारीचा घोस, तोरिंजन, चिबूड, कांगलं, सगळं त्या लाकडी चौकटीला टांगलेलं. हे सगळं एका फोटोत यायला पाहिजे तर मोबाईल उभाच धरावा लागतो, इलाज नाही. हा उभा फोटो फुल एचडी पडद्यावर पूर्ण दाखवला तर तो १०८० उंच आणि फक्त ८१० रुंद, दोन्ही बाजूंना काळं. आणि टीव्हीने किंवा अ‍ॅपने आपली अक्कल चालवून पडदा भरून टाकला तर रुंदी भरायला फोटो इतका मोठा होतो की निम्म्याहून जास्त भाग वर-खाली उडतो. माटोळी गेली, आसन गेलं, मधे राहिलं गणपतीचं पोट. म्हणून कुठल्याही अ‍ॅपमधे फिट आणि फिल असे दोन पर्याय दिसले की डोळे मिटून फिट घ्या, आणि टीव्हीच्या स्लाईड शो सेटिंगमधे झूम की काय असा इफेक्ट असेल तर तो बंद करा.

बाजूच्या काळ्या पट्ट्यांचं एवढं काही वाईट वाटून घेऊ नका, पण एक चांगली युक्ती आहे, दोन उभे फोटो शेजारी शेजारी लावायचे. ८१० आणि ८१० मिळून १६२० होतात, उरलेले ३०० पिक्सेल डावीकडे, मधे आणि उजवीकडे शंभर-शंभर वाटून टाकले की छान मोकळं दिसतं. एकीकडे पूर्ण गणपती आणि माटोळी, दुसरीकडे नुसत्या माटोळीचा जवळून घेतलेला फोटो, किंवा डावीकडे आजी लग्नातली आणि उजवीकडे आजी आज. हे करायला पॉवरपॉईंट पुरतो. इन्सर्टमधे फोटो अल्बम म्हणून आहे, त्यात दोन फोटोंचा लेआऊट मिळतो, फक्त डिझाईनमधे जाऊन स्लाईड १६:९ आहे ना आणि मागचा रंग काळा आहे ना ते बघा. मागे तोच फोटो धूसर करून पसरवायची एक फॅशन आहे, बऱ्याच अ‍ॅपमधे आपोआप होतं, मला ती आवडत नाही, नजर सारखी बाजूला जाते, काळं बरं.

आडवा ४:३ फोटो कापून १६:९ करायचा मोह होतो. केला तर वरखालचा मिळून पाव भाग जातो. वसरीत बसून काढलेल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले उंच काका आणि पुढे जमिनीवर बसलेली पोरं दोघंही धोक्यात, त्यामुळे ग्रुप फोटो कापायचा नाही. निसर्गाचे, देवळाच्या दीपस्तंभाचे वगैरे हवे तर कापा.

साईझ कमी करणं, सरळ करणं

हल्लीच्या मोबाईलचे फोटो ५० मेगापिक्सेल आणि काय काय असतात, जुना टीव्ही ते उघडताना घुसमटतो, प्रत्येक फोटोला गोल फिरत बसतो. फुल एचडी टीव्हीला फक्त दोन मेगापिक्सेल दाखवता येतात, ४के ला आठच्या आसपास, त्याच्या वरचं सगळं फुकट. विंडोजवर इरफानव्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बी दाबलं की एकदम सगळ्या फोटोंवर काम करायची खिडकी उघडते. फोटो १९२० बाय १०८० च्या चौकटीत बसतील असा साईझ द्या (४के असेल तर ३८४० बाय २१६०), प्रमाण राखायची खूण करा, जेपेग क्वालिटी ९० ठेवा. तिथेच सेव्हच्या पर्यायात प्रोग्रेसिव्ह असेल तर ती खूण काढा, काही टीव्हींना प्रोग्रेसिव्ह जेपेग झेपत नाही. आणि मूळ फोटोंवर नाही हां, वेगळ्या फोल्डरमधे सेव्ह करा.

उभा फोटो टीव्हीवर आडवा झोपलेला दिसत असेल तर त्याचं कारण असं की मोबाईल बऱ्याचदा फोटो फिरवतच नाही, फक्त आत एक चिठ्ठी ठेवतो की "हा फिरवून दाखवा", आणि काही टीव्ही ती चिठ्ठी वाचत नाहीत. इरफानव्ह्यूच्या सेटिंग्जमधे एक्झिफप्रमाणे, म्हणजे त्या चिठ्ठीप्रमाणे, आपोआप फिरवायची खूण असते, ती केली की फोटो खरोखरचा फिरतो. फक्त मोबाईल असेल तर फोटो एडिटमधे उघडून अगदी थोडा क्रॉप करून कॉपी सेव्ह केली की पण बहुतेक वेळा काम होतं.

अंधारातले फोटो थोडे उजळ करा. जत्रेतल्या नाटकाचे, पालखीचे, दिवजांचे फोटो मोबाईलवर छान वाटतात कारण मोबाईलचा पडदा झगझगीत आणि डोळ्याजवळ असतो, दिवसाउजेडी हॉलमधल्या टीव्हीवर त्यात नुसते दिवे दिसतात, माणसं नाहीत. शॅडोज नावाची पट्टी थोडी वर सरकवा, सगळी ब्राईटनेस नको, नाहीतर काळोख राखाडी होतो आणि जत्रेची मजाच जाते.

नावं आणि ओळ

टीव्ही फोटो नावाप्रमाणे लावतो किंवा तारखेप्रमाणे. तारखेवर अजिबात भरवसा ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली काढल्याची तारीख निघून गेलेली असते, स्कॅन केलेल्या मुंजीच्या फोटोला आजची तारीख असते, आणि दुबईहून आलेल्या भावाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ दुबईच्याच वेळेवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आरती तुमच्या फोटोत सुरू व्हायच्या आधीच त्याच्या फोटोत संपलेली असते. म्हणून ओळ हाताने लावायची आणि नंबर द्यायचे.

नंबर ००१, ००२ असे तीन आकडी द्या. नुसते १, २, ३ दिले तर बरेच टीव्ही १ नंतर १०, मग ११ आणि कितीतरी वेळाने २ दाखवतात. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात आणि इंग्रजी आकड्यांतच टाईप करा, मराठी नाव कॉम्प्युटरवर सुरेख दिसतं पण काही टीव्हींवर चौकोन चौकोन येतात. इरफानव्ह्यूच्या त्याच खिडकीत नाव बदलायची सोय आहे, पॅटर्नमधे तीन हॅश टाकले की तीन आकडी नंबर पडतात.

आणि सगळे एकाच फोल्डरमधे कोंबू नका. वीस-तीस फोटोंचा एक फोल्डर, नावं ०१, ०२, ०३. भाद्रपदातला पाऊस, कधी वीज जाईल सांगता येत नाही, वीज आल्यावर टीव्ही पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करतो, त्यावेळी फोल्डर वेगवेगळे असले की नेमकं जिथे होतो तिथे जाता येतं.

खाली नाव लिहायचं का?

जुन्या फोटोंवर नक्की लिहा, नव्यांवर गरज नाही. नाहीतर प्रत्येक फोटोला "हो कोण रे?" सुरू होतं आणि उत्तर देणारे तीन जण तीन नावं सांगतात. नाव, नातं, साल, जागा, एवढंच, एका ओळीत. अक्षर १०८० उंचीच्या फोटोवर निदान ५०-६० पिक्सेल उंच पाहिजे, खुर्चीत मागे बसलेल्या मामांना वाचता यायला हवं. काही जुने टीव्ही पडद्याच्या कडा थोड्या कापतात, म्हणून लिहिलेलं सगळं कडेपासून पाच टक्के आत ठेवा, म्हणजे बाजूने साधारण ९६ पिक्सेल आणि वर-खाली ५४. कडा कापणं थांबवायचा पर्याय पण टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधे असतो, कुठे जस्ट स्कॅन, कुठे स्क्रीन फिट अशा नावाने.

मोबाईलच्या एडिटिंग अ‍ॅपमधे मराठी जोडाक्षरं तुटतात कधीकधी, "लक्ष्मी" चं भलतंच काहीतरी होतं. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा फॉन्ट घेऊन बघा, तरीही तुटलं तर पॉवरपॉईंटमधे लिहा, तिथे सहसा नीट येतं.

फोल्डर की व्हिडिओ?

दोन रस्ते आहेत. एक, फोटोंचा फोल्डर पेन ड्राईव्हवर टाकून टीव्हीच्याच फोटो अ‍ॅपने दाखवणं. दुसरा, सगळ्याचा संगीतासकट एक एमपी४ व्हिडिओ करणं.

घरच्या बैठकीला मी फोल्डरच म्हणेन. लोकांना थांबायचं असतं, मागे जायचं असतं, रिमोटच्या बाणाने ते होतं. व्हिडिओत मागे जायचं म्हणजे दहा-दहा सेकंद उड्या मारत बसायचं. व्हिडिओ तेव्हा करा जेव्हा हॉलमधे दाखवायचाय, सहस्रचंद्रदर्शन आहे, लग्नाचा पंचवीसावा वाढदिवस आहे, समोर दीडशे माणसं आहेत आणि कुणी थांबवणार नाही.

व्हिडिओसाठी पॉवरपॉईंटमधे फाईल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ असं जा, फुल एचडी निवडा, एका स्लाईडला पाच सेकंद तो स्वतःच देतो, जुन्या फोटोंना सात-आठ द्या. (पॉवरपॉईंटमधून स्लाईड जेपेग म्हणून काढल्या तर त्या नेहमीच्या सेटिंगला १२८० बाय ७२० च्याच येतात, म्हणून शेजारी-शेजारी केलेल्या जोड्या व्हिडिओत जास्त चांगल्या दिसतात.) विंडोज ११ वर क्लिपचँप असतं, मोबाईलवर व्हीएन किंवा इनशॉट. कुठलंही घ्या, बदल होताना साधा फेड ठेवा. पानं उलटणं, बदाम फुटणं, फोटो गरगर फिरत येणं हे लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना करू दे. एक्स्पोर्ट करताना व्हिडिओचा प्रकार (कोडेक) एच.२६४ निवडा, एच.२६५ जुन्या टीव्हीवर अडू शकतो.

संगीताला बाहेरचं गाणं कशाला, गेल्या वर्षीच्या आरतीचं घुमट-शामेळचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मोबाईलमधे असेलच, ते लावा. आपल्याच घरातले आवाज, मधेच कुणाचा तरी सूर वर गेलेला, ते ऐकायला पण मजा येते, आणि पुढे यूट्यूबवर टाकायचं झालं तर कॉपीराईटची भानगड नाही. एकच करा, आवाज शेवटी हळूहळू कमी होत संपू दे, झटक्यात तुटला की लोकांना वाटतं टीव्ही बंद पडला.

मोबाईलवरून थेट दाखवणं

क्रोमकास्ट, मिराकास्ट, एअरप्ले हे सगळं मस्त आहे, वायफाय चांगलं असेल तर. गावात नेट पावसावर अवलंबून, म्हणून हा मुख्य बेत ठेवू नका, जोडीला असू दे. करायचंच असेल तर गुगल फोटोजमधे या फोटोंचा वेगळा अल्बम आधी करा आणि तोच उघडून कास्ट करा, पूर्ण गॅलरी उघडून सरकवत बसलात तर मधे ब्लड रिपोर्ट, गॅस बुकिंगचे स्क्रीनशॉट, सगळं सासरच्यांसमोर येतं. पूर्ण स्क्रीन दाखवत असाल तर डू नॉट डिस्टर्ब लावा. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडला तर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा, चार्जर लावा, आणि पॉवर सेटिंगमधे स्लीप बंद करा.

त्या दिवशी

टीव्हीचा पिक्चर मोड व्हिव्हिडवर असेल तर मूव्ही किंवा स्टँडर्डवर आणा, व्हिव्हिडमधे सगळ्यांचे चेहरे लाल होतात आणि पैठणी डोळ्यात घुसते. समोरची खिडकी पडद्यात दिसत असेल तर पडदा ओढा. वेग सहा सेकंदांवर ठेवा, रिमोट एकाच माणसाकडे द्या, शक्यतो जो प्रत्येक फोटोवर बोलणार नाही अशाला. ओएलईडी टीव्ही असेल तर एकच फोटो थांबवून जेवायला जाऊ नका, तासन्‌तास स्थिर चित्र त्या पडद्याला चांगलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत जाणारे मागणारच, मला पण दे. आठ मिनिटांचा फुल एचडी व्हिडिओ १० एमबीपीएसने केला तर साधारण ६०० एमबी होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातो, किंवा गुगल ड्राईव्हवर टाकून लिंक द्या. फोटोंचा फोल्डर हवा असेल तर सरळ त्यांच्या पेन ड्राईव्हवर कॉपी करा, छोटे केलेले ऐंशी फोटो मिनिटाभरात होतात. मूळ मोठे फोटो आणि स्कॅन दोन ठिकाणी ठेवा, एक लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या डिस्कवर किंवा ड्राईव्हवर. आणि तो टीव्हीला लावलेला पेन ड्राईव्ह काढून घ्या, तो तसाच मागे लटकत राहिला तर पुढच्या चवथीपर्यंत दमट हवेत त्याच्या पिनांना गंज चढतो, किंवा पोरं त्यावर कार्टून भरून मोकळी होतात.